कोड सांगा, काकू

मेसेज आला तेव्हा मी फोन नेहमीसारखा हातभर लांब धरला आणि आकडे वाचायला लागले. दुसऱ्याच आकड्यावर माझी जीभ अडली, कारण आकड्यांच्या वरची बारीक ओळ मला दिसली. दिसली म्हणजे लख्ख दिसली. आजवर तिथे नुसती मुंग्यांची रांग असायची. तिच्याखाली ठळक आकडे असायचे, ते मी इंटरकॉमवर वाचून दाखवायचे, की संपलं माझं काम. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, मोतीबिंदू निघाला होता, आणि गेले काही दिवस मला नको ते सगळं दिसत होतं: भिंतीवरचे ओघळ, जाऊबाईंच्या हनुवटीवरचे केस, माझ्या स्वतःच्या हातांची कातडी. तशीच ही ओळ दिसली. ‘संचालकपदाचा राजीनामा’ हा दस्तऐवज उघडण्यासाठी आपला कोड. मग आकडे. आणि आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ, तीही मी जन्मात प्रथमच वाचत होते: हा कोड कोणालाही सांगू नका. “हं, पुढे सांगा, काकू,” इंटरकॉममधून पुतण्या म्हणाला.

संचालक आम्ही तिघंच. थोरले भाऊजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, ते हल्ली घरीच बसून कंपनी चालवतात, पण खुर्ची सोडतील तर ती फक्त यमासाठी. दुसरा त्यांचा मुलगा, म्हणजे हा पुतण्या, तो संचालक म्हणून आत्ता कुठे चिकटलाय. उरलं कोण? हे काही कोडं नव्हतं. तरी मी ते कोडं असल्यासारखी त्या ओळीकडे बघत राहिले, पुन्हा पुन्हा तिघांची नावं मनात मोजत राहिले, जणू चौथं एखादं नाव सापडेल आणि माझी सुटका होईल. आमच्या दोघांच्या केबिनच्या मधे काचेची भिंत आहे. तो पलीकडे, मी अलीकडे, आणि बोलतो मात्र इंटरकॉमवर, कारण त्याचा कॉम्प्युटर त्याच्यापुढे आणि माझा फोन माझ्याकडे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. मीही हसले. काय करणार, सवय.

“अरे, अर्धाच आलाय बहुतेक,” मी म्हणाले. अर्धा कोड कधी येतो का? पण सुचलं ते बोलले. “थांबा, पुन्हा पाठवतो,” तो म्हणाला, आणि लगेच माझ्या हातात फोन थरथरला. तो आवाज इंटरकॉममधून त्यालाही ऐकू गेला असणार. “आला बघा.” “हो का? चष्मा कुठे ठेवलाय बघते हं.” चष्मा माझ्या डोक्यावर होता आणि त्याला तो दिसत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं माझं झालं. कोड काही मिनिटांनी मरतो हे मला माहीत होतं. तेवढा वेळ गेला की पुन्हा मागवावा लागतो. म्हणून मी ड्रॉवर उघडला, त्यात नसलेला चष्मा शोधायला लागले, आणि वाकलेल्या अवस्थेत मला वाटलं, हे आपलं वय नव्हे असल्या चोरट्या गोष्टींचं.

आमची कंपनी बाटल्यांची झाकणं बनवते. तेलाची, औषधाची, शाम्पूची. हसण्यासारखं आहे, पण झाकण नीट नसलं तर आतल्या मालाची काय किंमत, असं हे म्हणायचे आणि ते खरंच होतं. ह्यांची एक रीत होती. तक्रारीचा फोन आला की तो कारकुनाने घ्यायचा नाही, मालकाने घ्यायचा. हे गेले आणि कंपनीचे निम्मे भाग माझ्या नावावर आले, आणि त्यांच्या केबिनमध्ये मी बसले, तेव्हा मला कुणी काही काम दिलं नाही. तो फोन मात्र टेबलावर होता. तो वाजला. कुणा बाईंच्या हाताला सूज होती आणि औषधाचं झाकण उघडत नव्हतं. मी म्हणाले, ओला रुमाल घट्ट गुंडाळा आणि मग फिरवा. पलीकडे खुट्ट झालं. “उघडलं हो!” त्या बाई अशा ओरडल्या की मला स्वतःलाच काहीतरी उघडल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी रोज येते. सकाळी भाऊजींचा ड्रायव्हर सोडतो, संध्याकाळी पुतण्याबरोबर परत. लोक चिडलेले असतात, शिव्याही देतात, पण ते माझ्याशी बोलत असतात. मी वही बाजूला ठेवून ऐकते, झाकण कुठलं, गळतं की अडकतं, मग खाली कारखान्यात जाऊन साच्यावरच्या माणसाला सांगते. तो आधी कुरकुरतो, मग साचा तपासतो. माझं नाव दारावर आहे. मला हे आवडतं. एवढं साधं वाक्य मी आजवर कुणाला म्हणून दाखवलेलं नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही.

आणि घरी काय? घरी ‘तुम्ही बसा.’ भाजी चिरायला घेतली की जाऊबाई सुरी काढून घेतात, “तुम्ही बसा हो.” कपडे घडी करायला गेलं की “अहो, बाई आहे ना कामाला, तुम्ही बसा.” प्रेमाने म्हणतात, मला त्यात खोट काढायची नाही. पण सासूबाईही अशाच बसल्या होत्या. कंपनी सुरू झाली तेव्हा झाकणांच्या पहिल्या गोण्या सासूबाईंनी स्वतः मोजून शिवल्या होत्या. मग एक दिवस दोन्ही मुलांनी सांगितलं, आई, आता आराम कर. त्या टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. सुरुवातीला कारखान्यातलं विचारायच्या, नंतर हवामान विचारायला लागल्या, नंतर कोण आलं कोण गेलं तेही विचारीनाशा झाल्या. त्या गेल्यावर खुर्चीची गादी बदलायला काढली तर मधे असा खोल खड्डा पडलेला. गादी बदलली, खुर्ची तिथेच आहे. ऑपरेशननंतर आठवडाभर मला त्याच खुर्चीत बसवलं होतं, डोळ्यावर पट्टी, हातात रिमोट, आणि सगळे किती कौतुकाने माझ्याभोवती वावरत होते. तेव्हाच भाऊजींच्या डोक्यात हे आलं असेल का? बसलेली बरी दिसते, असं?

“सापडला का चष्मा?” पुतण्याने विचारलं. मी सरळ झाले. आणि मग मी ते विचारलं जे आजवर एकदाही विचारलं नव्हतं. “कशावर सही आहे रे आज?” काचेतून दिसलं की त्याने आपली खुर्ची हळूच वळवली, पाठ माझ्याकडे केली. “नेहमीचंच हो, काकू. वार्षिक कागद असतात ना, ते.” आवाज अगदी गोड. मला राजीनाम्याचं जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. हा माझ्या अंगाखांद्यावर वाढला. मला मूल नाही, जाऊबाईंचं दुखणं दीर्घ, तेव्हा ह्याला न्हाऊ घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं माझ्याकडे. आणि बरं, तोही विसरलेला नाही. ऑपरेशनला मला घेऊन गेला तोच, दिवसातून चार-चार वेळा डोळ्यांत औषध घातलं त्यानेच, किती हलक्या हाताने! त्याच्याच मेहनतीने आलेल्या नजरेने मी त्याचं खोटं वाचत होते, आणि हे त्या शहाण्याच्या लक्षातही नव्हतं. त्याच्या हिशेबी मी अजून तीच, आकड्यांपुरती काकू.

पण मी तशी झाले कधी? कागदावर सह्या होत्या तेव्हा हे घरी फायली आणायचे. पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या असायच्या, चिठ्ठी दिसली की सही करायची. हे कागदावर तळहात दाबून धरायचे, कागद हलू नये म्हणून. माझी सही लांबलचक, शेवटी एक फरकाटा, त्यावरून चेष्टा करायचे, ही सही आहे की पतंगाची शेपटी. मी हसायचे आणि पुढच्या चिठ्ठीकडे वळायचे. आज त्या काचेसमोर बसून मला ह्यांचा तळहात आठवला आणि पहिल्यांदाच असा विचार आला की तो हात नेहमी मजकुरावरच कसा असायचा. छे, काहीतरीच! गेलेल्या माणसावर कसला संशय घ्यायचा. कागद दाबायचा तर हात कुठेतरी ठेवायलाच हवा. तरीही विचार आला तो आलाच, आणि येऊन बसला. मग सह्या कॉम्प्युटरवर आल्या. पुतण्याने माझ्या नावाने ईमेल उघडला, तो त्याच्याच कॉम्प्युटरवर, “तुम्हाला कशाला ताप, काकू!” सहीसुद्धा त्यानेच निवडली. कॉम्प्युटर चार तयार नमुने दाखवतो, त्यातला एक तिरपा नाजूक नमुना दाखवून म्हणाला, ही तुम्हाला शोभते. मीही म्हणाले, छान आहे हो. एखादी साडी निवडल्यासारखं झालं ते. त्यानंतर मी सही अशी केलीच नाही. मी आकडे सांगितले.

काचेचं दार ढकलून तो आत आला. “द्या बघू फोन, सेटिंग बिघडलंय वाटतं.” हात पुढे. मी फोन दिला नाही. दिला नाही म्हणजे, द्यायला म्हणून पुढे केला आणि माझी बोटं सुटेनात. त्याने हलकेच ओढला, मी हलकेच धरून ठेवला. दोघंही हसत होतो. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर काकू-पुतण्याची मस्करी चाललीय असंच म्हणालं असतं. घरात, गाडीत, ऑफिसात, आम्ही एकमेकांशी इतके चांगले वागतो की त्या चांगुलपणात मला हातपाय हलवायला जागाच उरलेली नाही, आणि हा फोन सुटला तर मी पुन्हा त्या जागेत जाणार, कायमची.

“मला वाचता येतं रे आता,” मी म्हणाले.

त्याचा हात आपोआप गळला. आधी त्याच्या तोंडावर कौतुक आलं, खरंखुरं, ऑपरेशन यशस्वी झाल्याचं. मग त्याला कळलं. तो समोरच्या खुर्चीत बसला, जिथे तक्रारवाले येऊन बसतात तिथे. “काकू, मी सांगणारच होतो.”

“कधी? सही झाल्यावर?”

“बाबांचं म्हणणं आहे की तुम्ही आता आराम करावा. तक्रारींचं सगळं ऑनलाइन करायचंय. ही केबिन मीटिंगसाठी...” तो माझ्या टेबलाच्या कडेवर नख घासत होता. “तुमचे भाग तुमचेच राहणार. कुणी हात लावणार नाही. फक्त पद तेवढं.”

“मग बाबांनी मला का नाही विचारलं? रोज रात्री समोर बसून जेवतात की.”

“त्यांना वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.”

“आणि न सांगता काढलं तर गोड वाटेल?”

“काढलं काय, काकू! शब्द तरी बघा तुमचे. सन्मानाने चाललंय सगळं.”

“बरं, मग सन्मानाने बैठक बोलवा आणि काढा.”

तो खालच्या आवाजात म्हणाला, “तसं होत नाही. निम्मे भाग तुमचे आहेत. तुमची सही लागते.”

म्हणजे मला घरी बसवायला माझीच सही हवी होती. मला हसू फुटलं, आवरेना. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे तर आंधळ्यालाच दळून घ्यायचा बेत होता! तो मात्र हसला नाही. “माझी पंचाईत समजून घ्या. बाबा म्हणालेत, काकूंचं एवढं निस्तरलंस की कारभार तुझ्याकडे. किती वर्षं मी नुसता हो बाबा, बरं बाबा करतोय. मला मुलं आहेत, काकू.” त्याचे डोळे भरले. खरंच भरले, नाटक नव्हतं. आणि माझ्या आतली ती जुनी बाई लगेच उठली, तापात उशाशी बसणारी, ती म्हणायला लागली, देऊन टाक, काय ते आकडे, देऊन टाक, पोराचं कल्याण होईल. त्या बाईची मला भीती वाटली. भाऊजींपेक्षा जास्त.

“चल,” मी म्हणाले, “तुझ्या कॉम्प्युटरवर दाखव.”

त्याच्या केबिनमध्ये मी एवढ्या वर्षांत कधी त्याच्या टेबलाच्या त्या बाजूला गेले नव्हते. त्याने माझा ईमेल उघडला. वर माझं नाव, आणि खाली ओळींमागून ओळी, प्रत्येकीपुढे हिरवी खूण आणि ‘पूर्ण’. पूर्ण, पूर्ण, पूर्ण. त्याने पटकन वर सरकवायला हात घातला, पण मी म्हणाले, राहू दे, बघू दे मला. नवी यंत्रं, जुन्यांची विक्री, गोदाम, रात्रपाळी बंद. मी इतका कारभार केला होता आणि मला पत्ताच नव्हता. एका ओळीवर माझी नजर थांबली. कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंचा करार संपवण्याचा कागद. खाली माझी ती तिरपी नाजूक सही. त्या बाई गेल्या त्या दिवशी आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो होतो. मी त्यांना म्हणाले होते, कुणी केलं हो हे असं, मी बोलते भाऊजींशी. त्या म्हणाल्या होत्या, जाऊ द्या, तुम्ही तरी काय करणार. त्यांनी तो कागद पाहिला असणार. सही पाहिली असणार. आणि तरी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या? की त्यांना वाटलं, काय बाई आहे ही, सकाळी सही करते आणि दुपारी गळा काढते? मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पुतण्या म्हणाला, “पाणी देऊ?” मी म्हणाले, “पाणी नको. तो आजचा उघड.”

त्याने दाबलं. माझ्या हातात फोन थरथरला. “सांगा,” तो सवयीने म्हणाला आणि ओशाळला. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला आणि एका बोटाने, फोनकडे बघत, पडद्याकडे बघत, आकडे टाकले. शेवटचा टाकला तेव्हा कागद उघडला. छोटाच होता. मी, खाली सही करणारी, वैयक्तिक कारणांमुळे स्वेच्छेने राजीनामा देत आहे. मी तो मोठ्याने वाचला. दोनदा वाचला. “कुठलं रे हे वैयक्तिक कारण?” “तसं लिहायची पद्धत आहे, काकू.” “पण माझं वैयक्तिक, आणि मलाच माहीत नाही?” तो मानेनेच नाही म्हणाला, कशाला नाही ते कळलं नाही. जायचं कारण त्यांनी मला तयार करून दिलं होतं, शिंप्याने माप न घेता शिवलेल्या कपड्यासारखं.

खाली एक पिवळं बटण होतं, सही करा. कोपऱ्यात बारीक अक्षरात, मला आधी दिसलं नसतं अशा अक्षरात, दुसरं काही होतं. “ते काय आहे?” “ते... नकार द्या म्हणून आहे.” “दाब.” “काकू...” “दाब म्हणते ना.” त्याने दाबलं. पांढरी चौकट आली: कारण लिहा. तो म्हणाला, “रिकामी सोडता येत नाही. काहीतरी लिहावं लागतं.” त्याच्या आवाजात थोडी आशा होती, की काकूंना काही सुचणार नाही.

आणि खरंच सुचेना. काय लिहायचं? हक्क आहे म्हणून? हक्काची भाषा मला येत नाही, आणि ती वापरली तर रात्री जेवताना ताटाला हात लावायची चोरी. ह्यांची आठवण म्हणून? ते खोटं ठरलं असतं. ह्यांची आठवण मला इथे येत नाही, घरीच येते. कंपनीचं भलं? झाकणं माझ्याशिवायही बनतील. एकेक कारण मी उचलायचे आणि ते माझ्या हातात दुसऱ्याचंच निघायचं. चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती. घर, गाडी, ही केबिन, माझी ती सासरची सगळी माणसं, सगळं जवळ सरकत येऊन त्या चौकटीएवढं झालं होतं आणि त्यात मला काही म्हणता येत नव्हतं.

“लिही,” मी शेवटी म्हणाले. “मला अजून यायचं आहे.”

त्याने भराभर टाइप केलं. मी पुढे वाकून वाचलं. ‘सदर दस्तऐवजाच्या अभ्यासासाठी अधिक अवधी आवश्यक आहे.’ “हे मी म्हणाले?” “तेच आहे, काकू, जरा बरं दिसावं म्हणून. हे वकिलांनाही जातं, सगळ्यांना जातं.” “जाऊ दे सगळ्यांना. मी म्हणाले तसं लिही.” त्याने एकेक अक्षर पुसलं. मग लिहिलं, मला अजून यायचं आहे. इतक्या मोठ्या पडद्यावर ते वाक्य लहान मुलाच्या हट्टासारखं दिसत होतं, आणि मला लाजही वाटली, पण दुसरं कुठलंही वाक्य माझं नव्हतं. त्याने बटण दाबलं. ‘नकार नोंदवला. संबंधितांना कळवले आहे.’

आम्ही दोघं वाट बघत बसलो. भाऊजींचा फोन येईल, ओरडतील, असं त्याला वाटत होतं. फोन आला नाही. पडद्यावर एक नवी ओळ उगवली. आपली सही हवी आहे. संचालकपदाचा राजीनामा. “मी नाही केलं,” पुतण्या दोन्ही हात वर करून म्हणाला, “बाबांनी घरून पाठवलंय.” भाऊजी तसेच आहेत. ते वाद घालत नाहीत, तेच पुन्हा म्हणतात, समोरचा दमेपर्यंत. उघडून पाहिलं तर तोच कागद, तेच वैयक्तिक कारण. मी पुन्हा आकडे टाकले, कोपऱ्यातलं बारीक बटण आता मला सापडलं, आणि चौकटीत मी स्वतः टाइप केलं, शोधून शोधून, मला अजून यायचं आहे. थोड्या वेळाने पुन्हा ओळ आली. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा पुतण्याने खुर्ची मागे घेतली आणि मला नीट बसायला जागा करून दिली. “काकू, बाबा थांबणार नाहीत,” तो म्हणाला, “उद्या पाठवतील, परवा पाठवतील. रोज पाठवतील.” त्याचा चेहरा रडवेला झाला होता, आणि मला त्याची दया येत होती, आणि मानेमागे दुखायला लागलं होतं, आणि आज रात्रीचं जेवण, समोर बसलेले भाऊजी, “तुम्ही बसा” म्हणणाऱ्या जाऊबाई, सगळं मला आत्ताच दिसत होतं. “पाठवू दे,” मी म्हणाले. “तुझा कॉम्प्युटर मात्र रोज सकाळी मला लागेल. नाही म्हणायला का होईना, मला यावं तर लागणारच ना.”